दोऱ्यांचा रविवार

"आई, खुर्च्या सहा का?"

ताईने अंगातला कोट अजून उतरवला नव्हता. इस्पितळातली सकाळची पाळी संपवून ती थेट इकडेच आली होती आणि उंबऱ्यातूनच तिने खुर्च्या मोजल्या होत्या.

"सहा जण आहोत म्हणून," आई म्हणाली.

"तू, बाबा, मी, दादा, वहिनी. पाच."

आई जुनी चादर टेबलावर अंथरत होती. तिने चादरीची चुणी हाताने सरळ केली, मग परत केली. ताई तिच्या हातांकडे बघत राहिली.

"तू धाकट्याला बोलावलंस."

"माझा मुलगा आहे. त्याला घरी बोलवायला तुझी परवानगी काढू?"

"आणि दादा-वहिनीला माहीत आहे, तो येतोय ते?"

"माहीत असतं तर आले असते का?"

ताई कोटासकट खुर्चीत बसली. "आई, नऊ महिने झाले. नऊ महिने दादाने त्याचं तोंड पाहिलं नाही. वहिनी त्याचं नाव निघालं की उठून जाते. आणि तू दोघांना एका टेबलाशी बसवणार? कशासाठी? दोरे घालायला?"

"पुढच्या गुरुवारी तो जातोय," आई म्हणाली. "इथली बेकरी सोडली त्याने. समुद्रापलीकडे कुठेतरी काम मिळालंय. तूच सांगितलंस ना मला? परतीचं तिकीट नाही काढलं, असंही तूच म्हणालीस."

"म्हणून काय झालं? जाताना शिव्या खाऊन जायचं त्याने?"

"नाही," आई म्हणाली.

कोपऱ्यात बाबा टेबलावरच्या दिव्याखाली मान घालून बसले होते. छापखान्यात चाळीस वर्षं जुळारी होते ते. शिशाचे खिळे चिमट्याने उचलून उलटी अक्षरं सरळ वाचायची त्यांना सवय. आता नखाएवढ्या पुठ्ठ्यांवर बारीक निबाने ते चालू वर्ष लिहीत. प्रत्येक शोभेच्या वस्तूला एक पुठ्ठा. मायलेकींचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, पण त्यांनी मान वर केली नाही. या घरात वादाच्या वेळी बाबा कामात असत.

मागची ही खोली पूर्वी धाकट्याची होती. तो वेगळा राहायला गेल्यावर आईने ती हळूहळू बळकावली. बिस्किटांचे डबे, बुटांची खोकी, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, आणि त्या सगळ्यांत वर्षभर साठवलेलं सामान: लेसचे तुकडे, तुटलेल्या माळांचे मणी, जुन्या सदऱ्यांची बटणं, बाटल्यांची बुचं, अक्रोडाची टरफलं, भेटवस्तूंवरून अलगद सोडवून इस्त्री केलेल्या रिबिनी. "तुमच्या आईला कचऱ्याच्या डब्याजवळून नेऊ नका," बाबा म्हणत, "अर्धा डबा घरी येतो." नाताळ संपला, झाड उतरलं, की दुसऱ्याच दिवशी आई पुढच्या नाताळच्या कामाला बसे. जानेवारीत कापसाचे देवदूत. उन्हाळ्यात, गोंद पटकन वाळतो म्हणून, टरफलांच्या होड्या आणि बुचांचे घोडे. पावसाळी दिवसांत लोकरीच्या टोप्या, बोटाच्या पेराएवढ्या. ताईच्या इस्पितळातल्या मुलांच्या विभागात एकेचाळीस खाटा होत्या. प्रत्येक खाटेला एक, आणि घरातल्या प्रत्येकाला एक. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी जमायचं, आणि तयार वस्तूंना टांगायचे दोरे घालायचे. त्याला घरात सगळे दोऱ्यांचा रविवार म्हणत. तेवीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

यंदा चुकेल असं सगळ्यांना वाटलं होतं. यंदा थोरल्याची मुलगी नव्हती.

आठ वर्षांची होती. तिला सगळे खारूताई म्हणायचे, कारण तीही आजीसारखीच साठवणारी. कुठे चकाकता कागद दिसला की तो मुठीत, मुठीतून खिशात, खिशातून आजीच्या डब्यात. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, याच घराच्या मागच्या अंगणात, बेकरीची गाडी मागे घेताना ती चाकाखाली आली. गाडी धाकटा चालवत होता. चौकशी झाली. गाडी सावकाश होती, नेहमीप्रमाणे दोनदा हॉर्न वाजवला होता, मूल मागून अचानक धावत आलं, चालकाचा दोष नाही, असा निकाल लागला. निकालाने घरात कुणाचं काहीच बदललं नाही. धाकट्याने त्यानंतर गाडीला हात लावला नाही. तो बेकरीत पिठाची पोती उचलायचा आणि चालत घरी जायचा.

"ती खुर्ची मी आत नेऊन ठेवते," ताई उठत म्हणाली.

"राहू दे."

"आई, आत आल्या आल्या वहिनी मोजेल. चष्म्याची भिंगं बसवणारी बाई आहे ती. केसाएवढा फरक तिला दिसतो."

तिने सहावी खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली. आईने तिला अडवलं नाही.

सून थोरल्यामागून दारात आली तेव्हा तिला आधी वास आला. गोंद, जुनी लोकर, आणि बाबांच्या शाईचा. तिला वाटलं होतं तेवढं वाईट नव्हतं. वास सोसता येत होता.

यायचं तिच्या मनात नव्हतं. पण मुलीच्या आठ खारी या घरात होत्या. दरवर्षी आजी नातीला खारच करायची, फक्त वेगळ्या सामानाची: पहिल्या वर्षीची कापसाची, मग लोकरीची, अक्रोडाच्या टरफलाची, एकदा नुसत्या तपकिरी बटणांची. नाताळ झाला की त्या सगळ्या आजीच्या लाकडी पेटीत परत जायच्या. गेले तीन महिने सुनेला एकच ध्यास होता, त्या आठही आपल्या घरी हव्यात. नवऱ्याला तिने सांगितलं होतं, "दोरे घालू, चहा घेऊ, पेटी मागू आणि निघू. एक तास."

"ये, सूनबाई," आई म्हणाली. तिने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. सून हलली नाही. फेब्रुवारीपासून ही बाई दर आठवड्याला तिच्याकडे यायची. काही न बोलता भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, निघताना असाच डोक्यावरून हात फिरवायची. सुनेची स्वतःची आई हयात नव्हती. त्या नऊ महिन्यांत तिला कुणाचा हात सोसला असेल तर तो या एकाच बाईचा.

ते टेबलाभोवती बसले. वस्तू चादरीवर ओळीने मांडलेल्या होत्या. देवदूत, होड्या, घोडे, टोप्या. थोरला लिफ्टचा मेकॅनिक; त्याची बोटं जाड आणि काळपट, पण गाठ त्याच्यासारखी कुणाची बसत नसे. दरवर्षी पहिली गाठ मारताना तो म्हणायचा, "माझी गाठ सुटली तर समजा, लिफ्टच पडली." यंदा त्याने पहिली गाठ मारली, दुसरी मारली, आणि काही बोलला नाही. बाबांनी थोडी वाट पाहिली.

"लिफ्ट पडत नाही ना रे?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"नाही बाबा," थोरला म्हणाला.

कुणी हसलं नाही. बाबा परत निबाकडे वळले.

ताईने उगाच विषय काढला. विभागातली एक मुलगी, पाय प्लास्टरमध्ये, रोज विचारते की यंदा घोडा कधी येणार. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपण लहान मुलीची गोष्ट सांगतोय, आणि तिने वाक्य मध्येच सोडलं. सून म्हणाली, "सांगा ना. पुढे काय?" तिचा आवाज इतका साधा होता की ताईला रडू यायला लागलं.

इस्पितळाचं सामान संपत आलं तेव्हा आईने घरच्यांचं ताट पुढे ओढलं. वर रुमाल झाकला होता. ताईने घड्याळाकडे पाहिलं आणि आईकडे पाहिलं. आईने रुमाल काढला.

बाबांसाठी पुस्तक. थोरल्यासाठी लोकरीचा पाना. ताईसाठी टोपी. सुनेसाठी चष्मा, तारेचा, निळ्या भिंगांचा. एक पाव, तपकिरी फेल्टचा, त्यावर पांढऱ्या मण्यांचे तीळ. तो कोणाचा हे सगळ्यांना कळलं. थोरल्याने मान फिरवली. सुनेची नजर मात्र पावावर थांबलीच नाही. ती त्याच्या पलीकडे गेली होती.

तिथे नववी खार होती.

सोनेरी. जाड, चकचकीत पुठ्ठ्याचे बारीक तुकडे एकावर एक चिकटवून केलेली. शेपटी अशी फुललेली की आता हलेल.

"ही का केलीत?" सुनेने विचारलं. रागाने नाही. "आई, ही कशाला केलीत आता?"

"तिने मागितली होती," आई म्हणाली. "जानेवारीत. झाड उतरवताना. म्हणाली, आजी, पुढच्या वेळी सोन्याची कर."

थोरल्याने डोळे मिटले. सुनेने खार उचलली, उजेडाकडे धरली. सवयीनेच. दिवसभर ती वस्तू अशाच उजेडाकडे धरून बघत असे. पुठ्ठ्याच्या कडा नागमोडी होत्या. केकखाली ठेवतात त्या गोल पुठ्ठ्याच्या.

"हे बेकरीतले पुठ्ठे आहेत."

"हो."

"हे भाऊजी आणायचे तुमच्यासाठी." नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिने तो शब्द उच्चारला होता. "पण ते तर येत नाहीत इथे. मग हे कधी आले?"

आईने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

धाकट्याला दार उघडलं ते ताईने, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं की आत कोण आहे.

"मी जातो," तो हळूच म्हणाला. "आई म्हणाली होती, फक्त तुम्ही तिघं..."

"कोण आहे?" आतून थोरल्याचा आवाज आला.

पळून जाता आलं असतं. नऊ महिने तो पळतच होता. रस्ता बदलून, बाजाराची वेळ बदलून, भावाची मोटारसायकल दिसली की दुसऱ्या गल्लीत शिरून. आता पाय उचलेना. तो ताईच्या मागून खोलीच्या दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पोती उचलून खांदे रुंद झाले होते, पण चेहरा गालफडं बसल्यासारखा दिसत होता. बाबांच्या हातून निब टेबलावर पडलं.

थोरला उठला. खुर्ची मागे कलंडली. "हे तुझं काम, आई?"

"माझं," आई म्हणाली.

"चल," तो बायकोला म्हणाला. "ऊठ. एक क्षण थांबायचं नाही इथे."

सून उठली नाही. तिच्या हातात खार तशीच होती. ती दिराकडे पाहत होती, आणि धाकट्याला वाटलं, ती आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"भाऊजी, मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "चौकशीत सगळं विचारलं त्यांनी. गाडीचा वेग, हॉर्न, आरसे. हे कुणी विचारलं नाही. ती आजीजवळ बसली होती. आत, याच खोलीत. जेवून मणी निवडत बसली होती. गाडी निघाली की बाहेर जायचं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मग ती धावली का? तुम्ही हाक मारलीत का तिला?"

धाकट्याची नजर तिच्या हातातल्या खारीवर गेली.

"बोल ना," थोरला म्हणाला. "एवढं तरी बोल. गंमत म्हणून हाक मारलीस? चॉकलेट दाखवलंस? काय केलंस?"

"दादा, पुरे," ताई मध्ये पडली. "त्याचा दोष नाही असं लिहून आलंय."

"तू गप्प बस. तुला नेहमी त्याचीच बाजू."

"बाजू नाही घेत मी! नऊ महिने मी दोन घरांच्या मध्ये फिरतेय. एका घरी त्याचं नाव काढायचं नाही, दुसऱ्या घरी तुमचं. कुणी विचारलं मला, तुझं काय चाललंय? माझी भाची नव्हती ती?"

"वहिनी," धाकटा म्हणाला. "तुम्ही मला जे म्हणाल ते मी मान्य करतो. गाडी मीच चालवत होतो. आणखी काही विचारू नका."

"म्हणजे मारलीत हाक."

तो खाली बघत राहिला. त्याने नाही म्हटलं नाही. कुणी कधी हे विचारलंच, तर नाही म्हणायचं नाही, हे त्याने त्या दिवसापासून ठरवून ठेवलं होतं.

"त्याने नाही मारली," आई म्हणाली.

कित्येक आठवडे आईने या वाक्याची तयारी केली होती. भांडी घासताना, लोकर विंचरताना ते तिने मनात हजारदा म्हटलं होतं. पुढची वाक्यंही तयार होती. आता त्यातलं एकही आठवेना.

"आई, नको," धाकटा म्हणाला.

"तू थांब." तिने टेबलाची कड धरली. "सूनबाई, तू विचारलंस ना, पुठ्ठे कधी आले? त्याच दिवशी आले. आणलेत, म्हणाला. पण खाली उतरवायचे विसरला. पाव दिला, पाणी प्यायला, निघाला. आणि मी इथे बसले होते, समोर ती. तिच्या खारीचा कागद कापत होते मी, पुठ्ठा पुरत नव्हता. हॉर्न ऐकू आला. दोनदा. आणि मी म्हटलं..."

तिला थांबावं लागलं. बाबा उभे राहिले होते.

"मी म्हटलं, अगं पळ, काका निघाला. आपलं सोनं राहिलं गाडीत. पळ लवकर."

सून उठून उभी राहिली.

"ती मागच्या जिन्याने पळाली. तिच्या मांडीवरचे मणी सांडले. मी ते गोळा करत होते. मणी गोळा करत होते मी, जेव्हा..." आईने हात तोंडावर दाबला आणि परत काढला. "चौकशीला आलेल्यांनी मला विचारलं, पोरगी बाहेर कशी गेली? मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. एवढंच लिहून घेतलं त्यांनी. मी पुढचं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मग रोज वाटायचं, आज सांगू. तुझ्याकडे यायचे ते सांगायलाच यायचे. आणि भांडी घासून परत यायचे."

ताई भिंतीला टेकली. तिला आठवलं. एप्रिलमध्ये धाकट्याने तिच्या हातात एक कागदी गठ्ठा दिला होता. गाडीतलं सामान परत मिळालंय, हे आईचं आहे, देऊन टाक. उघडू नकोस. ती तो पिशवीत घालून घेऊन आली होती, आणि जिन्यात कुठल्याशा शेजारणीशी गप्पा मारत उभी राहिली होती.

थोरला हळूहळू भावाकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"आरशात दिसलं नाही मला," धाकटा म्हणाला. "पण खिडकी उघडी होती. आईचं ऐकू आलं. पळ, म्हणाली ते. कुणाला म्हणाली ते कळायला वेळ लागला, मग मी ब्रेक... पण तोवर..."

"ते नाही विचारत मी. तुला माहीत होतं, आणि तू बोलला नाहीस. मी तुला काय काय बोललो. सगळ्यांच्या देखत तुझ्या अंगावर धावून गेलो. तेव्हा पण तू बोलला नाहीस."

"बोलून काय झालं असतं, दादा? तुझी मुलगी गेली होती. भाऊ तर गेल्यातच जमा होता. त्यात आई पण घालवू तुझी?"

 थोरला चार पावलं चालत भावापाशी गेला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. दोघांची उंची सारखीच होती. लहानपणी बाबा त्यांना पाठीला पाठ लावून मोजायचे. थोरल्याने हात उचलला, ताई पुढे धावली, पण तो हात धाकट्याच्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला, जड, एखादं ओझं ठेवावं तसा. धाकटा वाकून रडायला लागला.

हे बघायला आई नऊ महिने झुरली होती. आता ते तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि तिला त्याच्या जवळ जाता येत नव्हतं. कारण मध्ये सून उभी होती.

"तुम्ही माझ्या घरी आलात," सून म्हणाली. अजूनही आवाज चढला नव्हता. "दर आठवड्याला. मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून याला शिव्याशाप दिले. वाट्टेल ते बोलले. याचं वाटोळं होऊ दे म्हटलं. तुम्ही काय म्हणालात? शांत हो, बाळ, म्हणालात."

"हो."

"एकदाही म्हणाला नाहीत, त्याला नको, मला दे."

"नाही म्हणाले."

"का?"

आईला खरं उत्तर माहीत होतं. ते लाजिरवाणं होतं, आणि तरी तिने सांगितलं. "तू डोकं ठेवायची बंद झाली असतीस."

 सुनेने हातातली सोनेरी खार टेबलावर ठेवली, पावाच्या शेजारी, अगदी जपून, तुटू नये अशी.

"चूक कुणाकडूनही होते," ती म्हणाली. "पळ म्हणालात, हे मी कदाचित सोसलं असतं. आजी नातीला पळ म्हणतेच. पण तुम्ही माझा राग दुसऱ्याच माणसावर ठेवू दिलात. मी त्या रागावर जगलेय, आई. रोज सकाळी उठायला तेवढंच होतं माझ्याकडे. ते पण खोटं निघालं." तिने पदराने नाही, मनगटाने डोळे पुसले. "पेटी द्या."

बाबांनी कपाटातून पेटी काढून तिच्या हातात दिली. सुनेने झाकण उघडलं, मोजलं, बंद केलं. आठ.

"तुम्ही आमच्याकडे येऊ नका," ती आईला म्हणाली. मग दिराकडे वळली. "भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही काही खाल्लंय का सकाळपासून?"

धाकट्याने मान हलवली. नाही.

"चला मग."

ती पुढे निघाली. थोरला भावाच्या खांद्यावरचा हात न काढता त्याला दाराकडे नेऊ लागला. धाकट्याने उंबऱ्यात वळून आईकडे पाहिलं, आणि थोरला म्हणाला, "चल. आत्ता नको." ती तिघं जिना उतरली. सुनेच्या चपलांचा आवाज पुढे, त्यामागे दोघांच्या बुटांचा. मग खालचं दार लागलं.

ताई भिंतीपासून दूर झाली. "मी तो गठ्ठा माझ्या हाताने आणला," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं आणि मी तो इथवर आणला. आणि तू त्याची खार करत बसलीस."

"तिने मागितली होती."

"आई, ती मेली होती!" ताई ओरडली. मग स्वतःच्याच आवाजाने दचकली. कोट उचलून ती निघून गेली. इस्पितळाचं सामान तिने नेलं नाही.

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी निब उचललं, शाईत बुडवलं, एक पुठ्ठा पुढे घेतला. वर्षाचा पहिला आकडा लिहिला आणि थांबले. "मी तेव्हा पेपर वाचत होतो," ते म्हणाले. "पलीकडच्या खोलीत. मलाही ऐकू आलं होतं ग. पळ म्हणालीस ते." त्यांनी निब पुसलं. "मला वाटायचं, तुला वाटतंय की मला माहीत नाही. म्हणून नाही विचारलं."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी कीवही. ती चादरीवरच्या वस्तू एकेक करून खोक्यात भरू लागली, ज्यांना दोरे लागले होते त्या आणि ज्यांना लागले नव्हते त्याही.

दोन दिवसांनी ताई येऊन खोकं घेऊन गेली. वर आली नाही; खालून हाक मारली, बाबांनी नेऊन दिलं.

गुरुवार आला. आईला वाटत होतं की धाकटा जाण्याआधी एकदा येईल. सकाळी तिने त्याच्या आवडीचं काही करायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. दुपारी दारावर थाप पडली. ती धावली. दारात थोरला होता. कामावरच्या कपड्यांत, हातात अवजारांची पिशवी.

"ये ना आत," आई म्हणाली.

"नको. लिफ्टचं काम आहे इथे जवळच. सांगायला आलो." तो तिच्याकडे न बघता जिन्याच्या कठड्याकडे बघत होता. "तो गेला नाही. तिकीट रद्द केलं. माझ्याकडे राहतोय, तिच्या खोलीत. हिनेच राहा म्हटलं."

"बरं झालं." आई उंबऱ्यापर्यंत आली. "बरं केलंत."

"ही म्हणते, तू यायचं नाहीस. नाताळलाही नाही."

"बरं."

"मी बोलेन तुझ्याशी, आई. पण आज नाही. कधी ते मला माहीत नाही. विचारू नकोस."

"नाही विचारत."

तो वळला. दोन पायऱ्या उतरला. आईने दाराची चौकट धरली होती. तिला आणखी खूप विचारायचं होतं. तो माझ्याबद्दल काही म्हणाला का, सूनबाई रात्री झोपते का, झाड आणणार का तुम्ही. यातलं काहीही विचारायचा तिला हक्क उरला नव्हता, हे तिला कळत होतं.

"जेवतो ना तो नीट?" तिने विचारलं.

थोरला थांबला. त्याची पाठ तिच्याकडे होती.

"जेवतो," तो म्हणाला, आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेला.